'आपण' आणि 'अशी मुलं'

"अशा मुलांना आपण माणसात आणतो," संस्थेचे अध्यक्ष माईकवर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. देणगीदारांनी भरलेल्या भोरच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी आठवीत होते. त्याआधी त्यांनी मला चार शब्द बोलायला लावलं होतं. मी म्हणाले, "आमी हिर्डोशीचं. तिकडं यष्टी लई कमी येती, म्हून म्या हितं वसतिगृहात ऱ्हाते." पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. कौतुकानंच हसल्या. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी गप्प झाले. अध्यक्षांनी त्या शांततेचाही उपयोग करून घेतला. हात जोडले आणि ते वाक्य टाकलं.

मागच्या रांगेत माझे वडील टाळ्या वाजवत होते.

नंतर वसतिगृहाच्या फाटकाशी मला भेटले. म्हणाले, "सायेब लई चांगलं बोलले. माज्या डोळ्यांत पानी आलं." मला त्यांचा संताप आला. पोटच्या पोरीला गोठ्यातून उचलून आणल्यासारखं सांगितलं, आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी. तो राग पुढे बरीच वर्षं टिकला.

मी शिकले आणि त्याच संस्थेच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. कायम नाही. दरवर्षी नवी ऑर्डर. दरवर्षी देणगीदारांचा मेळावाही. पुण्याहून गाड्या येतात, अध्यक्ष बोलतात, ठरलेल्या जागी मला उभं करतात. तीच मुलगी, आता आपल्याकडे शिक्षिका. टाळ्या. माझी गरिबी वर्षागणिक वाढत गेली. आमच्या घरात चूल पेटायची नाही, हे मला एका मेळाव्यातच कळलं. आईनं ऐकलं असतं तर तिथल्या तिथं झापलं असतं.

नववीला मी भाषण कसं उलगडायचं ते शिकवते. बोलणारा कोण, समोर कोण, त्याला काय हवंय, कुठे थांबला, शब्द कुठला निवडला. शिकवता शिकवता अध्यक्षांचं भाषण मला आरपार दिसायला लागलं. आधी स्वतःवर एक विनोद. मग आवाज खाली. मग तहान नसताना पाण्याचा घोट. मग मी.

एकदा वर्गात सर्वनामं समजावत होते. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. बोलता बोलता खडू हातातच राहिला. अध्यक्ष 'आपण' म्हणाले तेव्हा माझे वडील त्यात जाऊन बसले होते. देणगीदारांच्या शेजारी. जन्मात पहिल्यांदा. आणि 'अशा मुलां'मध्ये मी एकटी उरले. बाप-लेकीची ताटातूट एका वाक्यात झाली, आणि बापानं टाळ्या वाजवल्या. वडील भोळे नव्हते. बोलणारा तयारीचा होता.

यंदा अध्यक्षांनी भाषण मलाच लिहायला सांगितलं. तुमची भाषा आता छान सुधारलीय, म्हणाले. मी लिहून दिलं. त्यात मी नव्हते, माझं घर नव्हतं, ते वाक्यही नव्हतं. मेळाव्यात त्यांनी तो कागद खिशात घातला आणि नेहमीचंच सुरू केलं. पाण्याचा घोट झाला.

"उभ्या राहा, बाई."

मी बसून राहिले. त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले. सगळा हॉल वळून बघायला लागला. पाय आपोआप उठायला बघत होते, इतकी सवय. मी खुर्ची घट्ट धरली.

"मी उभी राहणार नाही, सर."

आवाज चिरका निघाला. त्यांचं भाषण मात्र तिथंच पडलं.

मुख्याध्यापिकाबाई समजावतायत. माफी मागून टाका, जूनमध्ये ऑर्डर निघायचीय. त्या माझ्या काळजीनंच बोलतात. आणि खरं सांगायचं तर मी दमलेय. भांडायची हौस नाही. नोकरी गेली तर नसरापूरला कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवीन, रोज दोन यष्ट्या बदलीन. माफी मागणार नाही. उद्या नववीवर तास आहे. मेळाव्यातलं भाषण शब्दन् शब्द फळ्यावर लिहिणार आहे, आणि वर बोलणाऱ्याचं पूर्ण नाव.