बोआकानोच्या पोटातली पोकळी

बोआकानो गावात राजदई सीनाथचा आवाज देवळाच्या कर्ण्याच्या आधी पोचतो, असं लोक म्हणायचे, आणि राजदईला ते मान्य होतं. मुलींच्या नेटबॉल सामन्यांची ती कित्येक वर्षं पंच होती आणि शिट्टी हरवली म्हणून तिचं कधी अडलं नाही. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगी इंद्रा सान फर्नांदोच्या दवाखान्यात नर्स होती. घरी राजदई एकटी, पण एकटी म्हणावी तर ओटा कधी रिकामा नसायचा. कुणाचं नवऱ्याशी वाजलंय, कुणाला पोलिसात अर्ज द्यायचाय, कुणाच्या पोरीला स्थळ बघायचंय, सगळे राजो मावशीकडे.

घरामागे तिच्या आजाची जमीन होती. बोटीनं या बेटावर आलेल्या आजानं ऊस तोडून तोडून ती घेतली, तीसुद्धा अशा जुन्या काळी, की खालच्या तेलावरही मालकाचाच हक्क असायचा. तेल निघालं, कंपनीनं ते उपसलं, आजाच्या घराला पत्रा आला, मग तेल संपलं आणि कंपनी गेली. मागे राहिला कोकोच्या झाडांमध्ये उभा असलेला एक गंजका पाइप. पावसाळ्यात त्याच्याभोवतीच्या डबक्यात बुडबुडे यायचे. लहानपणी राजदई त्यात कागदी होड्या सोडायची.

कार्निव्हल संपून गाव जरा थंडावलं होतं, तेव्हा राजधानीतून मिस मोंटानो नावाच्या वकीलबाई आल्या. सरकार नवा कायदा करत होतं, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला. समाजमंदिरात पंखे फिरत होते, मागे कुणीतरी गरम फुलौरी भजी वाटत होतं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. किनाऱ्यावरच्या अमोनियाच्या कारखान्यांतून कार्बन वायू आभाळात जातो. तो पकडायचा, दाबून पाण्यासारखा पातळ करायचा, नळातून इथवर आणायचा आणि जुन्या तेलाच्या थरात, खूप खोल, कायमचा कोंडायचा. खाली गुहा नाही, खडकच स्पंजासारखा. तेल गेलं, आता त्या भोकांत वायू राहील.

"आणि ती भोकं कुणाची?" राजदईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"मसुद्याप्रमाणे सरकारची, मॅडम."

"तेल होतं तेव्हा माझ्या आजाचं. तेल गेलं तर सरकारचं? म्हणजे नारळ माझा, पाणी पिऊन झालं की करवंटी तुमची?"

हशा पिकला. मिस मोंटानोसुद्धा हसल्या, पण त्यांनी पुढचं कलम वाचलं. काम संपवून थर बंद केला की काही वर्षांनी कंपनीची जबाबदारी संपेल आणि ती सरकारकडे येईल.

"आणि वायू वर आला तर?"

"येणार नाही," मागून जाड आवाज आला. कथबर्ट जोफील्ड उभा राहिला होता. आयुष्यभर तेलाच्या विहिरी खणण्यात गेलेला, निवृत्त, तेलाच्या पिंपांचे ड्रम वाजवणाऱ्या गावच्या स्टीलबँडचा म्होरक्या. बालवाडीत राजदईच्या शेजारी बसायचा आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक वाक्याला 'पण' लावत आला होता. क्रिकेट असो, निवडणूक असो की आंब्याचं कुचला लोणचं, दोघांचं एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "राजो, दर सोमवारी एक पोर बॅग भरून गावातून जातं. माझ्या बँडमध्ये ड्रम जास्त आणि हात कमी झालेत. काम येतंय तर येऊ दे. तू काय सगळ्यालाच शिट्टी वाजवणार?"

"फाउल असेल तिथे वाजवणार!"

"तुला खडकातलं काय कळतं?"

"आणि तुला कायद्यातलं? उद्या सकाळी माझ्या मागच्या अंगणात ये. मग बोल."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, हे राजदईच्या लक्षात आलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. कथबर्ट डबक्याशी उकिडवा बसला, बुडबुडे बघत राहिला, पाइपवर बोटाच्या पेरानं टकटक केली. बराच वेळ 'पण' आला नाही.

"विहिरीला हे पक्कं बूच नाही, राजो. नुसती टोपी घातलीय डोक्यावर."

"मग?"

"मग खाली दाब वाढला की वायू वाट शोधणार. असा पाइप म्हणजे तयार धुराडं." तो उठला, गुडघे झटकले. "काम यायला हवं, हे मी अजूनही म्हणतो. पण आधी ही जुन्या विहिरींची भोकं बुजवायला हवीत."

"आणि बुजवणार कोण? ज्यांनी पाडली ते तर गेले. म्हणजे कायद्यात लिहायला हवं."

"लिहायला हवं," कथबर्ट म्हणाला. शेजारची डॉली कुंपणावर कपडे वाळत घालत होती. त्या दोघांनी एकच वाक्य म्हटलेलं ऐकून तिच्या हातातली चादर चिखलात पडली.

दोघांनी मिस मोंटानोंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, तक्रार सगळेच करतात. कुठे किती जुन्या विहिरी आहेत हे दाखवलंत तर माझ्या हातात काहीतरी येईल. सरकारी नकाशे अर्धवट होते. त्यांनी विद्यापीठातली एक भूगर्भवाली पोरगी, केझिया, मदतीला पाठवली. मग दर रविवारी बोआकानो रानात शिरू लागलं. केझियाच्या हातात गॅस हुंगणारं यंत्र, कथबर्टच्या हातात कोयता, मागे निम्मं गाव आणि टोपल्यांत पेलाव भात. म्हाताऱ्यांना कुठे पंप डुलायचे ते आठवायचं, निम्म्या वेळा चुकीचं आठवायचं. कथबर्टनं एकदा छातीठोकपणे जागा दाखवली, तर तिथे कुणाचं तरी जुनं शौचालय निघालं. केझियाचं यंत्र मात्र जोरात वाजलं.

"बरोबर आहे की! वायूच आहे!" राजदई म्हणाली आणि पोट धरून खाली बसली.

एका रविवारी कथबर्ट डांबराच्या दलदलीत कमरेपर्यंत गेला. चौघांनी ओढून बाहेर काढला, पण एक बूट आतच राहिला. तो त्याच्या वडिलांचा बूट होता. तो काठीनं ते काळं डबकं ढवळत राहिला. राजदईनं आपली ओढणी फाडून त्याच्या पायाला गुंडाळली आणि परतीच्या वाटेवर त्याचा हात धरला, घसरू नये म्हणून. सपाट रस्ता आला तरी हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

संध्याकाळी दोघं ओट्यावर मसुद्याचा कीस काढायचे. कथबर्ट कलम वाचायचा, राजदई त्याला बोआकानोच्या भाषेत आणायची. "'पक्षकारांनी वाजवी काळजी घ्यावी.' वाजवी म्हणजे किती?" "म्हणजे पकडले जाणार नाही इतकी!" आवाज रस्त्यापर्यंत जायचे. भांडण चाललंय असं समजून लोक थांबायचे, हसू ऐकून पुढे जायचे.

ओढ्यापलीकडे कथबर्टच्या आईच्या जमिनीची पट्टी होती, तिच्यातही एक विहीर सापडली. त्या दिवशी बाकीचे पुढे गेले. दोघं एका आडव्या पडलेल्या झाडावर बसून सादा रोटी आणि भाजून कुस्करलेल्या टोमॅटोचा चोखा खात होते.

"राजो, एक विचारू? रागावू नकोस."

"तू विचारलंस की मी रागावतेच. विचार."

"त्या मसुद्यात आहे ना, दोन जमिनींखालचा थर एकच असेल, तर मालकांनी एकत्र यावं."

"आहे. मग?"

"तुझ्या जमिनीखालचा आणि माझ्या आईच्या पट्टीखालचा थर एकच आहे. केझियाला विचारलं मी."

"कथबर्ट, तू जमिनीबद्दल बोलतोयस ना?"

"जमिनीबद्दल बोलायचं असतं तर रानात यायच्या आधी दाढी केली असती का?"

राजदईनं घास खाली ठेवला. मग तिनं रोटीचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. "मसुदा वाचला," ती म्हणाली. "हरकत नाही."

इंद्राला फोनवर सांगितलं, तर ती किंचाळली. "मा! या वयात?"

"मग कुठल्या वयात? पुढच्या?"

"पण कथबर्ट काका? तुम्ही दोघं एकमेकांचा जीव घ्याल!"

"पन्नास वर्षं घेतोच आहोत. मेलं का कुणी?"

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. "मी साडी घेऊन येते," इंद्रा म्हणाली.

मिस मोंटानो दुसऱ्यांदा आल्या तेव्हा समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. केझियानं भिंतीवर नकाशा लावला, लाल ठिपक्यांनी भरलेला. मग राजदई आणि कथबर्ट शेजारी शेजारी उभे राहिले. गावाच्या तीन मागण्या होत्या. पहिली, जुनी विहीर शोधून पक्की बुजवल्याशिवाय कुणाला परवाना नाही. दुसरी, नुसती वर्षं सरली म्हणून कंपनी मोकळी नाही. खाली वायू शांत बसलाय हे बाहेरच्या तपासनीसानं सांगावं, तेव्हाच मोकळी, आणि तोवर दुरुस्तीचा पैसा आधीच बाजूला काढलेला हवा. तिसरी, खडकातली पोकळी जमीनमालकाची.

"तिसरीवर माझं मत वेगळं आहे," कथबर्ट मध्येच म्हणाला.

"आत्ता? इथे?"

"वायू काय तुझं कुंपण बघून थांबणार? प्रत्येकानं आपापली पोकळी कवटाळली तर काम कधी व्हायचं नाही. सरकारनं सांभाळावं, मालकाला वाटा द्यावा."

"बघा बाई, याच्याशी मी लग्न करणारेय!"

सभा टाळ्यांनी आणि शिट्ट्यांनी दणाणली. मिस मोंटानो हसून हसून डोळे पुसत होत्या. पण पेन हातातच होतं आणि सगळं उतरवून घेत होतं.

सुधारलेला मसुदा आला तेव्हा पहिल्या दोन मागण्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. पोकळी सरकारचीच राहिली; जमीनमालकाला वाटा मिळाला, आणि विचारल्याशिवाय कुणी अंगणात खणणार नाही असं कलम आलं. म्हणजे तिसऱ्या मुद्द्यावर कथबर्ट जिंकला. राजदईनं तीन दिवस त्याला चहा दिला नाही. चौथ्या दिवशी दिला, कारण तोवर मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

संसदेचा शिक्का बसायला अजून अवकाश होता, पण विहिरी बुजवायचं काम त्याआधीच सुरू झालं. त्यासाठी माणसं लागली, आणि कथबर्टनं गावातल्याच पोरापोरींना शिकवून तयार केलं. सोमवारी बॅग भरून निघालेली दोघं तर बसस्टॉपवरून परत आली. पहिली विहीर राजदईच्या कोकोतली. सिमेंट खाली सोडताना ती पूर्ण वेळ पोरांच्या डोक्याशी उभी होती आणि पंचासारखी हात दाखवून सूचना देत होती.

लग्न सान फर्नांदोच्या नोंदणी कचेरीत झालं, पण खरं लग्न अंगणात झालं. एका बाजूला ताशा, दुसऱ्या बाजूला कथबर्टचा स्टीलबँड. आधी कोण वाजवणार यावरून जुंपली, शेवटी दोन्ही एकदमच वाजायला लागले. सुरुवातीला नुसता गोंगाट होता, मग ताशेवाल्यानं ठेका जरा ढिला केला, बँडनं जरा चढवला, आणि कुठेतरी मध्ये दोघं भेटले. मिस मोंटानो उंच टाचांचे बूट हातात घेऊन नाचल्या. केझियानं नवऱ्या मुलाला भेट दिली ती रबरी बुटांची जोडी होती, गुडघ्यापर्यंतची. त्यानं तिथेच पायात चढवली आणि सुटाखाली तीच घालून नवरीला अंगणभर फिरवलं. राजदई लाल साडीत घामाघूम झाली होती, आणि नाचता नाचता त्याला ठणकावून सांगत होती की ठेका चुकतोय.

"पण..." कथबर्ट म्हणाला.