खणीतली सुसर आणि गुंडू तात्या

गुंडू तात्या कधी मजुरीचा आकडा सांगत नसत. माझ्यासारख्याला याचा केवढा संताप यावा! राजारामपुरीत हातगाडीवर सायकलच्या ट्यूबा विकत मी स्वतःच्या दुकानापर्यंत आलो, ते घासाघीस करूनच. समोरच्यानं आकडा सांगायचा आणि मी तो अर्ध्यावर आणायचा, हा माझा धर्म. आणि शाहूवाडीकडचा हा वाळका म्हातारा शिकारी, उजव्या हाताला तीनच बोटं उरलेला, आकडाच सांगेना.

"काय घेणार?" मी विचारलं.

"आदी सुसर बघू तरी द्या, पावणं. न बघता भाव करायला ती काय वांगी हाईत?"

आमच्याकडं मगरीला सुसरच म्हणतात. ही माझ्या रानात होती. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. चुलतभाऊ पांडुरंगकडून मी नदीकाठचं रान उभ्या उसासकट घेतलं. रानाच्या मधोमध वीटभट्टीसाठी माती काढून झालेली मोठी खण होती. पुराच्या पाण्याबरोबर सुसर खणीत आली आणि पाणी उतरल्यावर तिथंच राहिली. पांडुरंगला हे ठाऊक होतं. खरेदीखत झालं आणि आठवड्यात माझी शेळी गेली. जाब विचारला तर तो चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "रानातलं सगळं दिलं म्हणून लिवलंय न्हवं? मग सुसरबी तुझीच की!" लोक खदाखदा हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

साखर कारखान्याची ऊसतोड टोळी दहा दिवसांत येणार होती. ती पाळी चुकली की ऊस उभा वाळणार. माझी सगळी कमाई त्या रानात होती, आणि पहिलंच पीक बुडलं तर रान परत घ्यायला पांडुरंग टपलेला होता.

तात्या दोन दिवस बांधावर नुसते बसून राहिले. विडीही न ओढता खणीकडं बघत. माझं डोकं फिरलं. "दोन इंजिनं लावतो, खण उपसतो. उघडी पडली की मारा."

"तसलं काय करू नगा. पाण्यात हाय तवर ती कुटं हाय ते आपल्याला ठावं हाय."

मी कुणाचं ऐकलंय? तात्या सामान आणायला गावी गेले तेवढ्यात मी इंजिनं लावली. दुसऱ्या दिवशी तळाशी चिखल, तडफडणारे मासे, आणि चिखलातून निघून थेट माझ्या उसात शिरलेला शेपटीचा माग.

टोळी आली. मुकादमानं माग पाहिला आणि कोयते गाडीत टाकायला लावले. "मालक, आदी तुमी आत जाऊन या. मग आमी." पांडुरंग बांधावर उभा राहून मिशीत हसत होता.

तात्या परतले तेव्हा मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी चिखलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शेठ, घर मोडलंसा की तिचं! आता तीच इंजिनं फिरवा आणि भरा पाणी."

"पुन्हा?"

"व्हय. उसात आपून तिच्या मागं जायाचं न्हाई. तिनं आपल्याकडं यायचं."

मुकादमाकडून मी तीन दिवस मागून घेतले, जन्मात पहिल्यांदा हात जोडून. नदीचं पाणी खणीत पडू लागलं. तात्यांनी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि उसाच्या बाजूला एकच वाट ठेवली. जुन्या मोटेचा दोरखंडासारखा जाड नाडा त्यांनी दिवसभर खणीच्या चिखलात मुरवला. त्याचा फास वाटेवर मांडला आणि दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला बांधलं.

"चिखल कशाला?"

"माणसाचा वास जायाला. घराचा वास आला की ती डोळं झाकून येतीया."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ऊस सळसळला. सात हात लांबीचं धूड बाहेर आलं आणि सरळ वाटेत शिरलं. फास आवळला. आंबा हादरला, शेपटीच्या एका फटक्यात कुंपण उडालं. सगळे पळाले, मीही पळालो. तात्या तेवढे पुढं गेले. तीन बोटांच्या मुठीत भाला, आणि मानेमागं एकच घाव. ती शांत झाल्यावर त्यांनी खणीतून ओंजळभर पाणी आणलं आणि तिच्या तोंडावर सोडलं. "लई दिस तहानली हुती," एवढंच म्हणाले.

टोळी उसात घुसली. मी सुसर बैलगाडीत घातली आणि मुद्दाम वाट वाकडी करून पांडुरंगच्या दारावरनं नेली. "रानातलं सगळं दिलंस न्हवं? बघून घे रे!" त्या दिवशी चावडीवरचे लोक माझ्या बाजूनं हसले. ऊस पुरता कारखान्याला गेला.

"आता तरी मजुरी सांगा," मी तात्यांना म्हणालो.

"एकच मागतो. खण परत कदी उपसू नगा."

पुढं शिकारीवर बंदी आली. आणखी एका पुरानं खणीत दुसरी सुसर आणून सोडली. मी पाणी उपसलं नाही. तारेचं कुंपण घातलं, शेळ्या लांब बांधल्या. दुपारी ती पलीकडच्या काठावर उन्हाला आलेली दिसली की खणीजवळच्या पाण्याच्या मोटारीचं काम उरकायचं, ही तात्यांनीच लावून दिलेली शिस्त. आसपासच्या सगळ्या मोटारी चोरीला गेल्या, पांडुरंगच्या तर दोन. माझ्या मोटारीचा स्क्रूही कुणी हलवला नाही.

तात्या शेवटच्या आजारात होते तेव्हा भेटायला गेलो. त्यांनी मला ओळखलं. "शेठ, पाणी हाय न्हवं खणीत?"

"काठोकाठ हाय, तात्या."

समाधानानं त्यांनी डोळे मिटले. आठवड्यानं गेले.

त्याच वर्षी पांडुरंग माझ्या बांधावर आला. "रान परत देतोस का? सांगशील तो भाव."

मी खणीकडं बोट केलं. "पांडुरंगा, आदी सुसर बघून ये."

आकडा मी अजून सांगितलेला नाही.