विलासचं 'घर' चालूच होतं

भुताखेतांच्या गोष्टींची मी कायम टर उडवत आलोय. प्रोग्रॅमरला प्रत्येक गोष्टीचं कारण कोडमध्ये सापडतं, निदान सापडायला हवं... म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहापूरला सर्व्हे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी होतो. फिरतीवरच्या लोकांना तळहाताएवढे छोटे कॉम्प्युटर, हँडहेल्ड, दिले होते. काम सुरू करताना पडद्यावर काडीने कामाचं नाव लिहून टायमर लावायचा, संपलं की बंद. ती माहिती कॉम्प्युटरवर वाचता-लिहिता यावी म्हणून मी एक कोड लायब्ररी लिहीत होतो.

विलास सापगावचा, माझा जिवलग दोस्त. घरी पोचला की गंमत म्हणून GHAR नावाचा टायमर लावायचा आणि सकाळी निघताना तो बंद करायला हमखास विसरायचा. गडी मुरबाडला उन्हात, आणि टायमर म्हणतोय घरी! आम्ही त्याला 'घरकोंबडा'च म्हणायचो.

त्या पावसाळ्यात मुरबाडकडे काळू नदीची पातळी मोजताना त्याचा पाय घसरला. नदीने नेलं. खूप शोधलं, पण विलास सापडला नाही. जीपमध्ये राहिलेल्या त्याच्या हँडहेल्डचे सेल उतरले आणि आतलं सगळं पुसलं गेलं. उरली ती आदल्या दिवशी सीडीवर घेतलेली कॉपी.

विलासच्या भावांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचं ठरवलं. त्याची बायको वंदनावहिनी, पदरात लहान पोरगी, पण ऐकेनात. "माणूस बघितल्याशिवाय मी मंगळसूत्र काढायची नाय."

त्याच दिवसांत मी लायब्ररी तपासत होतो. रीत सोपी — सीडीवरची फाइल वाचायची, कॉम्प्युटरवर तशीच्या तशी परत लिहायची, दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत. सगळ्यांच्या आल्या. विलासच्या परत लिहिलेल्या फाइलीत मात्र एक नोंद जास्त, मूळ सीडीवर नसलेली. GHAR. सुरुवात — तो वाहून गेला त्या दिवशीची दिवेलागण. शेवट नाही. म्हणजे टायमर चालू!

माझाच बग असणार, म्हटलं. कोड पिंजून काढला. पुन्हा तेच... अंगावर सरसरून काटा आला. वहिनींना सांगावं तर त्या जन्मभर वाट बघत बसतील. न सांगावं तर मला राहवेना. शेवटी एका संध्याकाळी सापगावला गेलो.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "भावजी, ते येतात. रोज या टायमाला. पायरी बघा."

दोन दिवस उघडीप होती, अंगण कोरडं ठणठणीत. पायरी ओली होती — नुकतेच कुणी पाय धुतल्यासारखी.

मी सगळं सांगून टाकलं. त्या पायरीपाशी जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापायी अडकलेत. मी सोडत नाय म्हणून." आणि पायरीकडे बघत, रडत रडत, "दमलात तुमी. जावा आता. पोरीला मी बघीन."

घरी येऊन पुन्हा तपासणी चालवली. नोंद होतीच, पण आता तिला शेवटाची वेळ आली होती. मी त्या अंगणात उभा होतो, तेव्हाची.

त्या सीडीवर एकदा लिहिलं की मागाहून काही लिहिता येत नाही. कोड नंतर जाणकारांना दाखवला, कुणालाच चूक सापडली नाही. वहिनींनी क्रिया होऊ दिली, मंगळसूत्र स्वतःच्या हाताने उतरवलं. मला अजून उलगडा नाही. पण रोज विसरणारा आमचा घरकोंबडा त्या संध्याकाळी निघताना 'घर' बंद करून गेला.