एका खिडकीखालच्या फळ्या

लॉकडाऊनमध्ये वर्क फ्रॉम होमला कंटाळून मी रोज समुद्राकडे सायकल दामटायचो. वाटेत एक वृद्धाश्रम होता. कोरोनामुळे नेदरलँड्समध्ये तेव्हा वृद्धाश्रमात भेटायला जायची बंदी होती. भिंत धुवायची बंदी मात्र नव्हती. एक डच आजोबा बादली-स्पंज घेऊन तिथल्या भिंतीवरच्या बाहेरच्या लाकडी फळ्या पुसत असायचे. हात फळीवर, नजर वरच्या काचेकडे.

एकदा मी विचारलंच, "रोज काय धुता?"

"मीठ," दीड मीटर मागे सरकून ते म्हणाले. "खाऱ्या हवेनं लाकूड कुजतं."

माझ्यातला पुणेकर गप्प बसेना. "पण खारा वारा तर अख्ख्या भिंतीला लागतो. तुम्ही एवढ्या एकाच खिडकीखाली धुता."

त्यांनी शांतपणे स्पंज पिळला.

"बाकीच्या खिडक्यांत माझी बायको नाही."