पन्ह्याला सत्त्याऐंशी

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि मी व्हिस्कीचा समीक्षक आहे.

लोक हसतात. हसू द्या. देवळीत माझं कृषी केंद्र आहे. युरिया आणि फवारणीच्या औषधांत दिवसभर बसूनही ज्या नाकाला काही झालं नाही, ते नाक वाया जाऊ नये एवढाच माझा शुद्ध हेतू. महिन्यातून एका रविवारी मी नागपूरला साडूकडे जातो. त्याच्या गच्चीवर बसून व्हिस्कीचा वास घेतो, घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. (होय, थुंकतो! गिळायला लागलं की तिसऱ्या पेल्यापासून सगळ्याच व्हिस्क्या उत्तम लागतात.) मग पूर्ण शुद्धीत एस.टी.नं परत. जिल्ह्याच्या हद्दीत थेंबही आणत नाही. आणतो फक्त मतं! ती 'कोरडवाहू' या टोपणनावानं इंटरनेटवर टाकतो : "पहिल्या वासाला सोयाबीनचं जळकं कुटार, मधे चिंच, शेवटी नव्या रेग्झिनच्या बॅगेचा भास. शंभरपैकी ब्याऐंशी." माझे वाचक मोजके पण निष्ठावंत आहेत. बायकोच्या मते ते सगळे साडूच आहेत, वेगवेगळ्या नावांनी.

अडचण एवढीच की नाकाला रोज रियाज लागतो. व्हिस्की महिन्यातून एकदा, मग बाकीचे दिवस करायचं काय? मी चहाचा वास घेतो, ताकाचा घेतो, आमटी उजेडात धरून रंग पाहतो.

"अहो, वरण आहे ते!" मंदा, म्हणजे आमची ही, वैतागते. "जेवा न गुपचूप! पोरगी पाहाले आल्यावानी काय पाहून राह्यले त्याले?"

तर अशा या नाकावर आमच्या पंकजच्या लग्नाची जबाबदारी येऊन पडली.

पंकज माझा पुतण्या, आमच्या एकत्र घरातलाच. त्याचं आणि हिंगणीच्या अश्विनीचं कॉलेजपासून जमलेलं होतं. पोरगी राजी, पोरगा तर राजी होऊन वाळत चालला होता. अडलं होतं अश्विनीच्या वडिलांपाशी, म्हणजे बळीरामजींपाशी. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. तेव्हापासून त्यांनी एकच नेम धरला होता : पिणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची नाही. नुसता मुलगा नाही, त्याच्या घरातलं कोणीही पिणारं असलं की नकार! चांगली चांगली स्थळं त्यांनी पोह्यांच्या आधीच उठवली होती.

पंकजचे वडील, म्हणजे माझे दादा, हुंकारापलीकडे बोलत नाहीत. म्हणून बोलणी करायला मी. निघायच्या दिवशी पंकज माझ्या पाया पडला.

"काका, तुमच्या हाती आहे आता सारं."

"नाकाच्या हाती आहे म्हण," मंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हे पाहा, तिथं जे देतीन ते सरळ तोंडात टाकजा. वास घेसान तं गाठ माह्याशी आहे!"

उन्हाळा ऐन भरात होता. आम्ही चौघं पोचलो तेव्हा हिंगणीच्या त्या घरात कूलर लावून ठेवला होता. बळीरामजी उंच, पांढऱ्या मिशांचे, आणि समोरच्या माणसाकडे पापणी न हलवता बघणारे. हालहवाल झाली, कपाशीचं झालं, आणि त्यांनी थेट विषयाला हात घातला.

"पाव्हणे, आपली एकच अट आहे. तुमच्या घरात कोणी घेत तं नाई न?"

"आमच्या घरात?" मी छातीवर हात ठेवला. "आमच्या घरात बाटली म्हटली का फक्त फवारणीची!"

दादांनी हुंकार दिला. पंकजच्या चेहऱ्यावर रंग परतला. बळीरामजींच्या मिशा पहिल्यांदाच सैल झाल्या आणि त्यांनी आत आवाज दिला, "आणा वं, पन्हं आणा!"

पन्हं आलं, आणि तेही काचेच्या पेल्यात. स्टीलच्या पेल्यात आलं असतं तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती! कैऱ्या गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेल्या होत्या. ट्रे दारातून आत येतो न येतो तोच तो धूर माझ्या नाकानं टिपला. त्यानंतर मी काय केलं ते मला धड आठवत नाही. मंदाला मात्र सगळं पाठ आहे, आणि ती पाव्हण्यारावळ्यांत ते अभिनयासकट करून दाखवते.

मी म्हणे पेला खिडकीच्या उजेडात धरला. तो हळूच गोल फिरवला आणि काचेवरून ओघळ कसा उतरतो ते एक डोळा मिटून पाहिलं. नाक आत घातलं. आधी डाव्या नाकपुडीनं, मग उजव्या. एक घोट घेऊन गालात इकडून तिकडे फिरवला. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तांब्यातलं पाणी चमच्यात घेऊन पेल्यात दोन थेंब टाकले आणि पुन्हा वास घेतला!

आणि मोठ्यानं बोललो, "आधी गोवरीचा धूर. मग जुना गूळ. वेलची मागं उभी आहे, लाजून. शेवट लांबलचक. सत्त्याऐंशी!"

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" बळीरामजींनी विचारलं.

आमच्या घरात एकी फार. तिघंही एकदम मदतीला धावले.

"कोरोनात वास गेलता त्यायचा," मंदा म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं, सारं हुंगत राहा म्हणून."

"दुकानात औषध असली का नकली, ते वासानंच पाहा लागते त्यायले," त्याच वेळी पंकज.

आणि जन्मभर हुंकारावर भागवलेल्या दादांनी नेमकं त्याच क्षणी तोंड उघडलं, "लहानपणापासूनच आहे तो असा."

बळीरामजींनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पंकजचा चेहरा आता पन्ह्यातल्या कैरीसारखा झाला होता. तेवढ्यात आतल्या दारातून अश्विनीची आई बाहेर आली, पदर खोचून.

"ते असू द्या. मले आधी हे सांगा, सत्त्याऐंशीच काऊन? तेरा कायचे कापले?"

आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, 'चुकलो, शंभर.' मंदानं मला चिमटा काढला, तोही पिळून. पण रिव्ह्यूवर कोणी शंका घेतली की माझ्यातला कोरडवाहू जागा होतो. पुतण्याचं लग्न राहो की मोडो, मार्क म्हणजे मार्क!

"मीठ," मी म्हणालो. "मीठ जरा पुढं येऊन उभं राहिलं आहे."

"माह्या सासूच्या हातचं माप आहे ते!" बाई कडाडल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचे आवाज यायला लागले. बळीरामजी उठले.

"पाव्हणे, जरा गोठ्याकडे चाला."

मी निघालो. मागं वळून पाहिलं तर पंकज डोळे पुसत होता, आणि तेव्हा मात्र मला माझ्या नाकाची खरोखर लाज वाटली.

गोठ्यात एक गाय होती, तीही माझ्याकडे संशयानं बघत होती. बळीरामजी हळू आवाजात म्हणाले, "पेल्यात पाणी टाकून वास घेणारा माणूस पन्हं पेणारा नसते. खरं सांगा. घेता?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्या डोळ्यांपुढे जमेना. मी सगळं सांगून टाकलं. साडू, गच्ची, कोरडवाहू, रेग्झिनची बॅग, सगळं.

"अन् गिळत नाई?"

"नाही. थुंकतो."

"इकत आणलेली?"

"हो. महागाची असते."

"थुंकता?"

"थुंकतो."

"मंग त्याचे मार्क लिहिता?"

"लिहितो."

"कोणी पैसे देते त्याचे?"

"नाही."

त्यांनी एकदा गायीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांच्या मिशा हलल्या, खांदे हलले, आणि ते गायीच्या पाठीवर हात टेकून पोट धरधरून हसायला लागले.

"बाप्पा, मी समजलो बेवडा आहे! तुम्ही तं निस्ते येडे आहा. येडं माणूस चालते आपल्याले!" मग त्यांनी घराकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. "अन् त्या मिठाचं... लग्न झाल्यापासून मी बोलू नाई शकलो. तुम्ही बोलले. हिंमत आहे तुमच्यात."

लग्न ठरलं. पंकजनं मला उचलून घेतलं, दादांनी नेहमीचा हुंकार दिला, आणि मंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी बळीरामजींनी भर मांडवात माझी ओळख "महागाचं थुंकणारे आमचे इवाई", म्हणजे व्याही, अशी करून दिली. मग विहीणबाई स्वतः पन्ह्याचा पेला घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मांडवातली सगळी मंडळी जवळ सरकली. बळीरामजींनी गंभीरपणे एक रिकामं घमेलं माझ्या पायाशी आणून ठेवलं. मी विहीणबाईंकडे पाहिलं, लाजून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, आणि अख्खा पेला एका दमात गिळून टाकला.

"शंभर!" मी म्हणालो. मीठ होतं तिथंच होतं.

हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव खोटा रिव्ह्यू, आणि त्याची शिक्षा मी अजून भोगतो आहे. सूनबाई आईवर गेली आहे, मिठाचा हात तर आईहून सढळ. काकाजींनी शंभर दिलेलं पन्हं म्हणून ती रोज न चुकता दोन पेले समोर आणून ठेवते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. लेकरासारखी पोर, तिला काय सांगणार? मी शंभर म्हणतो आणि गिळतो.

परवा डोकं गरगरलं म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, मिठाचं काहीतरी जास्त पोटात जातं आहे. मी छताकडे पाहिलं. मंदा मात्र खुर्ची पुढे ओढून बसली.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "दारू थुंकते अन् पन्हं गिळते, असा माणूस आहे हा. याच्यावर काही गोळी असन तं द्या!"