बिनगिअरची गाडी

घनसावंगी मागे पडली आणि सत्यशीलाला आधी वास आला. करपल्यासारखा. मग काटा लालमध्ये गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि समोरून उसाची ट्रॉली डुलत येत असतानाच इंजिन बंद पडलं. तिने गाडी कशीबशी कडेच्या मातीत उतरवली. ट्रॉलीवाला हॉर्न वाजवत निघून गेला. उसाची चार-दोन टिपरं रस्त्यावर पडली.

शेजारच्या सीटवर तिचे यजमान, भारतराव, मान मागे टाकून बसले होते. जालन्याहून डायलिसिस करून येताना ते नेहमी असेच बसत. डोळे मिटलेले, डाव्या हातावर कापसाची घडी चिकटपट्टीने दाबलेली, आणि तो हात मांडीवर जपून ठेवलेला.

"गॅस्केट गेलं," ते डोळे न उघडताच म्हणाले. "आता काही खरं न्हाई हिचं."

"तुम्ही बोलू नका. वसंताभाऊजींना फोन लावते."

वसंता म्हणजे तिचा धाकटा दीर. कुंभार पिंपळगावात त्याचं खताचं दुकान होतं आणि दाराशी त्याची उंच डिझेल गाडी. तो येईपर्यंत वेळ लागणार होता. कलतं ऊन थेट भारतरावांच्या तोंडावर येत होतं, म्हणून सत्यशीला गाडीचं दार उघडून, त्यावर ओढणी टाकून उभी राहिली. सकाळची शाळा करून ती निघाली होती. पोरांच्या चाचणीचे पेपर मागच्या सीटवर तसेच पडले होते. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. फक्त वाटलं, कुठेतरी खाली बसावं आणि कुणी उठ म्हणू नये.

ही गाडी भारतरावांची. ते बियाणांच्या कंपनीत होते तेव्हाची. वाटूर, परतूर, अंबड, कुठल्या गावात कापूस कसा आलाय, कुठल्या टपरीवर चहा बरा मिळतो, सगळं त्यांना या गाडीने दाखवलं होतं. ते गाडीचं कौतुक माणसासारखं करायचे. मग साखरेने आणि बीपीने किडन्या नेल्या, आणि चाळिशी कधीच उलटलेली सत्यशीला शाळेच्या मैदानावर स्टिअरिंग धरून बसली. शेजारून भारतराव "क्लच, क्लच!" म्हणून ओरडायचे. ती शिकली, कारण दुसरं कोणी नव्हतं. पोरगी पुण्यात नोकरीला, दिराला दुकान. बस हिसके देत जायची आणि परतताना यांना चक्कर यायची. तेव्हापासून दर बुधवारी रजा टाकायची आणि शनिवारी शाळा सुटली की तशीच गाडीत बसायचं, हे सुरू झालं. बुधवारच्या रजा आता संपत आल्या होत्या. हेडमास्तर काही बोलत नसत, पण रजेचा अर्ज हातात घेताना चष्मा काढून पुसत.

कडूबा मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी गाडी उघडली, बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला आणि हात पुसत बाहेर आला.

"बाई, करून देतो म्हणलं तर करून देईन. पर जालन्याच्या रस्त्यावर पेशंट घेऊन हिच्यावर भरवसा टाकू नका. दुसरी बघा."

त्या दिवसापासून घरात एकच विषय झाला. दुसरी गाडी कोणती?

वसंताचं मत ठरलेलं होतं. "वैनी, डिझेलच घ्या. आपला रस्ता लांबचा. डिझेल असं दमानं वढतं. हायब्रीड-बियब्रीड शहरातल्या लोकायचं काम हाय. उद्या बॅटरी बसली तर कुठं ढकलत नेता?"

पुण्याहून प्रिया रोज व्हिडिओ पाठवायची. "मम्मी, हायब्रीड घे. पेट्रोलवर चालते, बॅटरी चालता-चालता आपोआप भरते. चार्जिंगला लावायची भानगडच नाही. आणि नव्या डिझेल गाड्यांना धुराची जाळी असते, ती तुंबली की लफडं."

"लांबच्या रस्त्यावर तुंबत न्हाई ती," भारतराव पलंगावरून म्हणायचे. "तिला सांग, पप्पा म्हणून राह्यले डिझेलच."

सत्यशीला तिघांचंही ऐकायची. शाळेतल्या मास्तरांचंही ऐकायची. दुकानात मीठ नसलेली बिस्किटं आणायला गेली तर दुकानदारही मत द्यायचा. प्रत्येकाला गाडीतलं कळत होतं. ती गाडी पहाटेच्या डब्यानंतर आणि शाळेनंतर चालवायची कुणाला आहे, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. तिला ना मायलेजचं पडलं होतं, ना पिकअपचं. तिला फक्त रस्त्यात बंद न पडणारी गाडी हवी होती.

ती पुन्हा कडूबाकडे गेली. त्याने स्टूल पुढे केलं.

"खरं सांगू का बाई, डिझेल घेतली तर ती मी उघडीन. हायब्रीडला मी हात लावणार न्हाई, मला येत न्हाई ते. तिला काही झालं तर जालन्यालाच न्यावं लागन."

"मंग डिझेलच घेऊ म्हणता?"

कडूबाने पाना उगाच इकडून तिकडे ठेवला. "हे मला इचारू नका. मी सांगितलं तर माझ्या धंद्याचं सांगीन. तुमी आठवड्यातून दोनदा जालन्याला जाताच की. तिथलं काम तिथं होऊन जाईन. पर मधीच बंद पडली तर मी येऊ शकणार न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

ती घरी आली तेव्हा काहीच ठरलं नव्हतं. उलट गुंता वाढला होता.

भारतरावांचा डिझेलचा हट्ट कशासाठी आहे हे तिला हळूहळू कळलं. एका संध्याकाळी ती भाकरी करत होती. ते उंबऱ्याशी येऊन बसले आणि म्हणाले, "मला येती ती गाडी असावी. दोन-तीन महिन्यात जरा अंगात आलं, की तुला कामून रोज रोज... मीच चालवीन."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला होता, सुई टोचण्यासाठी शीर जोडून केलेला. मनगटाच्या वर ती शीर दोरखंडासारखी फुगली होती, हात लावला की थरथरायची. त्या हातावर जोर द्यायचा नाही, हिसका बसू द्यायचा नाही, असं पहिल्या दिवसापासून बजावलेलं. आणि गिअर तर डाव्या हातानेच टाकायचा. जुन्या गाडीचा तिसरा गिअर दणका दिल्याशिवाय पडायचाच नाही. दोघांनाही हे ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "हो, चालवा की," आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

पुढच्या बुधवारी वसंताने दोघांना आपल्या गाडीतून जालन्याला नेलं. डायलिसिसची पाळी दुपारची होती, म्हणून आधी शोरूमला गेले. तिथल्या मीनाताई, तिशीतल्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आधी डिझेल गाडी काढली.

सत्यशीलाने ती चालवली. गाडी चांगली होती. वसंता मागून खुशीत सांगत होता, "बघा वैनी, कशी वढती!" भारतराव तर इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. पण बायपासच्या सिग्नलला क्लच दाबून उभं राहताना तिचं गुडघ्यापासून खाली सगळं ठणकलं.

मग हायब्रीड आली. सत्यशीलाने बटण दाबलं आणि वाट बघत बसली.

"चालू झाली का?" भारतरावांनी विचारलं.

"झाली, सर," मीनाताई मागून म्हणाल्या. "हळू असताना बॅटरीवर जाते, म्हणून आवाज येत नाही. हिला क्लच नाही, गिअर टाकावे लागत नाहीत."

थोडं अंतर गेल्यावर गाडी कडेला घेतली. आणि मीनाताईंनी, बहुधा कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं, सहज विचारलं, "सर, तुम्ही चालवून बघणार का?"

दोन वर्षांत हा प्रश्न भारतरावांना कोणीच विचारला नव्हता. वसंता घाईने म्हणाला, "न्हाई न्हाई, दादाचं तब्येतीचं..." भारतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते सत्यशीलाकडे बघत होते. तिच्याही तोंडावर "नाही"च आलं होतं. पण ते म्हणायलासुद्धा जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता. शिवाय समोर रस्ता मोकळा होता, गिअर नव्हता, आणि त्यांचा उजवा हात चांगला होता.

"हळू चालवा," ती म्हणाली आणि उतरली.

डावीकडच्या सीटवर बसून तिने पट्टा लावला. भारतरावांनी आरसा नीट केला, सीट मागे सरकवली, दोनदा गळा साफ केला. गाडी निघाली. पहिल्या मिनिटभर तिने पायाने नसलेला ब्रेक दाबून धरला होता. मग बघितलं, ते अगदी पूर्वीसारखे चालवत होते. डावा हात मांडीवर, उजवा स्टिअरिंगवर, नजर लांब. समोरून ट्रक आला तर त्यांनी आधीच गाडी कडेला घेतली. तिच्या पायातला ताण सैल झाला.

एवढंच तिला आठवतं.

जाग आली तेव्हा गाडी शोरूमच्या आवारात लिंबाखाली उभी होती. एसी हळू सुरू होता. भारतराव स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसले होते. मागे वसंताही कधी नव्हे तो गप्प.

"अग बाई," ती ताडकन सावरून बसली. "झोप लागली का मला?"

"मॅडम, तुम्हाला उठवणार होते मी," मीनाताई म्हणाल्या. "सर म्हणाले राहू द्या. मग आम्ही अजून एक चक्कर मारून आलो."

तिला शरमल्यासारखं झालं. लोकांच्या गाडीत, भर दुपारी, आपण तोंड उघडं टाकून झोपलो की काय. तिने ओढणी चाचपली तर ती नीट होती.

"कोणती घ्यायची मंग?" वसंताने विचारलं. "दादा, डिझेलचा आवाज आवडला ना तुला?"

"आवाज आवडला," भारतराव म्हणाले. "घेऊ ती, जिच्यात हिला झोप लागली."

दवाखान्यात सुई टोचायच्या आधी सत्यशीलाने डॉक्टरांना गाठलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं. "येताना अजिबात नाही. बीपी पडतं, भोवळ येते. जाताना, बीपी बरोबर असेल, पायांवर सूज नसेल, तर थोडं थोडं चालवू द्या. पण तुम्ही शेजारी जाग्या राहा," डॉक्टर म्हणाले. शेवटचं वाक्य ऐकून ती खाली बघून हसली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

गाडी मिळायला वेळ लागला. तोवर वसंताने दुकान बंद करून फेऱ्या मारल्या, पण कधी कुरकूर केली नाही. गाडी आली त्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि जय भीम घालून आधी बॉनेट उघडायला लागला. आत बघून म्हणाला, "ह्यात तर काहीच कळून राह्यलं न्हाई," आणि बॉनेट बंद केलं.

त्यानंतरचा उन्हाळा आणि पावसाळा बरा गेला. निघायच्या आधी सत्यशीला बीपी मोजायची, सूज आहे का ते पायावर बोट दाबून बघायची. खळगा पडला नाही तर किल्ली भारतरावांच्या हातात. घनसावंगीपर्यंत ते चालवत, पुढे गर्दी वाढली की ती. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वाटेत शेतं बघून बोलायचे. याने ठिबक घातलं, त्याचं सोयाबीन उशिरा पडलं. ती जागी राहायची. बाहेर बघत बसायची. इतकी वर्षं या रस्त्याने जाऊन तिने तो कधी कडेने पाहिलाच नव्हता.

एकदा गाडीने मधेच पिवळा दिवा दाखवला. पण ती तशीच जालन्यापर्यंत गेली. तिथे काही तास ठेवली, डायलिसिस संपेपर्यंत तयार झाली. कडूबाला हे कळल्यावर तो म्हणाला, "चला, तिथलं काम तिथंच झालं. माझं नाव तर वाचलं."

दिवाळीनंतर खळगा पडायला लागला. आधी एखाद्या शनिवारी, मग पुष्कळदा. किल्ली आता बहुतेक तिच्याच हातात असते. रजांचं अजून तसंच आहे, पाठ दुखते, आणि बुधवारी उठताना तिला पहिली आठवण रस्त्याची येते.

परवा निघताना त्यांनी स्वतःच पाय पुढे केला. तिने बोट दाबलं. खळगा हळूहळू भरत होता.

"आज तूच," ते म्हणाले आणि डावीकडचं दार उघडून बसले.

तिने बटण दाबलं. गाडी आवाज न करता गल्लीतून बाहेर पडली. नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. ती त्यांच्या मागे लागली आणि सावकाश जालन्याकडे निघाली. भारतराव पुढे वाकून म्हणाले, "घाई करू नको, वेळ हाय आपल्याला."