एकाच ओळीचा खोकला

भट्टीताईंना खोकला होता आणि तो फक्त रविवारी यायचा. उपासनेत मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणू लागली की ताईंचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की मात्र खोकला उसळायचा, आणि ओळ सरली की खोकलाही सरायचा. यजमान खिशातून पेपरमिंटची गोळी काढून द्यायचे. "इतका वक्तशीर खोकला मी पाहिला नाही," ते घरी येताना म्हणायचे.

खोकल्याचं कारण सगळ्या चर्चला ठाऊक होतं आणि ते शेवटच्या बाकावर बसायचं.

ताईंनी एका मोठ्या बेकरीत सतरा वर्षं भट्टी सांभाळली. जोडीला टकळी, शेवटच्या बाकावरची तीच. तिला ताईंनीच कामाला लावलं होतं, पाठच्या बहिणीसारखं शिकवलं होतं. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण पीठ मळावं तर तिनेच. एका सकाळी ताई पिठाची पोती उतरवून घ्यायला मागच्या दाराशी गेल्या. इकडे टकळीने आच वाढवली आणि कुणाशी तरी बोलत राहिली. पाव कोळसा झाले, वरची लाकडी फळी पेटली. भट्टीवर कोण होतं, मालकाने विचारलं. एरवी तासभर बोलणारी टकळी तेव्हा दोनच शब्द बोलली, "ताई होती." तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, पगार थांबला तर चूल थांबणार, हे ताईंना कळत होतं. पण केसाने गळा कापला तो कापलाच. ताईंचं काम त्याच दिवशी सुटलं.

त्या चर्चची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर जिने भाजली, तिनेच ती ताटात घेऊन बाकाबाकाशी जायचं आणि प्रत्येकाच्या हातात तुकडा ठेवायचा. हा मान ताईंचा. वर्षभर टकळी ताट निघण्याआधीच उठून बाहेर पडत होती, आणि खरं सांगायचं तर ताईंना ते बरंच वाटत होतं. द्यायची वेळच येत नव्हती.

मग एका रविवारी ताई मीठ घालायला विसरल्या. उपासनेनंतर पाळकबाईंनी सहज विचारलं, "ताई, आज भाकर अळणी झाली का हो?"

"पीठ यांनी मळलं," ताई पटकन म्हणाल्या. "मला बरं नव्हतं."

यजमानांनी जन्मात पिठाला हात लावला नव्हता. त्यांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. "हो, माझ्याकडूनच राहिलं," ते म्हणाले.

घरी येताना थट्टा झाली नाही. जेवताना ताईंनी विचारलं, "अहो, रागावलात?"

"नाही गं. भ्यालीस तू, एवढंच."

ताई ताटावरून उठल्या. चार माणसांत नाक खाली होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी नवऱ्याला पुढे केलं होतं. टकळीला निदान घर वाचवायचं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि वर्षात पहिल्यांदा टकळीसाठी रडू आलं. "प्रभू, राग अजून आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याला माझा हात अडवू देऊ नकोस." दुसऱ्या दिवशी त्या पाळकबाईंना खरं काय ते सांगून आल्या.

पुढच्या महिन्यात यजमान गोळी काढून तयार होते. ती ओळ आली. ताईंचा आवाज फाटला, पण त्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली. गोळी यजमानांनीच तोंडात टाकली.

टकळी उठायला लागली तशा ताई रीत सोडून ताटासह आधी शेवटच्या बाकाशी गेल्या. "बस," त्या म्हणाल्या.

"ताई, त्या दिवशी भट्टीवर मी होते." पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघू लागली, इतकं ते मोठ्याने आलं.

"ठाऊक आहे. घे."

"कोणत्या तोंडाने घेऊ?"

"मी ज्या तोंडाने खाते, त्याच तोंडाने." ताईंनी तुकडा जरा मोठाच तोडला.

टकळीने तो दोन्ही हातांत घेतला, डोळे पुसत खाल्ला. "मीठ बरोबर आहे, ताई."

"पण पीठ घट्ट मळलं गेलंय," ताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तू मळायला ये."